मथुरामावशींचे इलायती लेकरू

पाणी किती गरम आहे हे मथुरामावशी कोपराने पाहत. हाताची बोटे चुलीला सरावलेली असतात, ती खोटे सांगतात. कोपराची कातडी लेकराच्या कातडीच्या जवळची, असे त्यांचे म्हणणे होते. हिंगोलीजवळच्या गोरेगावात किंवा आसपासच्या वस्त्यांवर मूल जन्मले की पहिले बारा दिवस त्याला न्हाऊ घालायचे आणि बाळंतिणीला शेक द्यायचा, हे त्यांचे काम. एकदा त्यांचे कोपर पाण्यातून निघताच मी त्याच घंगाळात माझा तापमापक बुडवला. सदतीस अंश. दुसऱ्या दिवशी पुन्हा सदतीस. तिसऱ्या दिवशी पस्तीस आले. चूक सापडल्याच्या आनंदात मी तोंड उघडणार, तोच मावशी बाळाच्या आजीला म्हणाल्या, "आज पोरगं जरा तापलंय. म्हून पानी कोमटच घेतलं."

मी तापमापक पुसून पर्समध्ये ठेवला. मथुरामावशींविषयी मला जे वाटत असे त्याची सुरुवात तेथे झाली. त्याला आदर म्हणण्याचा मोह मला अनेकदा झाला आहे. परंतु वर्गीकरण करायचे तर नीट करावे; तो हेवा होता.

मी वनस्पतिशास्त्राची. पदव्युत्तर परीक्षेत विभागात पहिली आले होते, आणि हिंगोलीच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होते. मला पुढे संशोधनाला जायचे होते, त्यासाठी शिष्यवृत्ती हवी होती, आणि शिष्यवृत्तीच्या प्रस्तावासाठी एक प्राथमिक प्रयोग हवा होता. शहरात अंगण असलेली खोली मिळेना, म्हणून मी गोरेगावात राहू लागले आणि रोज जीपने हिंगोलीला जाऊ-येऊ लागले. माझी खोली आणि मथुरामावशींचे घर यांच्यामध्ये एकच सामाईक अंगण होते. त्यात एक कडुनिंब, त्याखाली पाण्याचा रांजण आणि रांजणाशेजारी न्हाणीचा दगड.

प्रयोगासाठी मी ह्यूकेरा निवडला होता. बागकाम करणारे त्याला कोरल बेल्स म्हणतात. दूरच्या थंड डोंगरांतले हे वीतभर उंचीचे झाड. त्याची शोभा पानांत असते: कातरलेल्या कडांची, जांभळट, उलटी केली तर खालून गुलाबी. हिवाळा सरताना मधून एक तारेसारखा दांडा वर येतो आणि त्यावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या, पोवळ्याच्या रंगाच्या घंटा लोंबतात. त्याला पाणी हवे, पण पाय ओलात उभे नकोत. उजेड हवा, पण ऊन नको. आणि रात्र गार हवी. आमच्या जिल्ह्यातली काळी माती आणि आमचा मे महिना, दोन्ही त्याचे वैरी. मी ते निवडले ते याच कारणासाठी. सोपे झाड जगवून कोणाला शिष्यवृत्ती मिळत नाही.

डिसेंबरात एका थंड हवेच्या गावातल्या रोपवाटिकेतून बारा रोपे आली. एक तरी रोप होळीपासून जूनअखेरपर्यंत जगले पाहिजे, नाही तर प्रस्तावाला अर्थ नाही, असे विद्यापीठातल्या माझ्या मार्गदर्शकांनी बजावले होते. मी हिरवी जाळी बांधली, प्रत्येक कुंडीला क्रमांक दिला, मातीत ओलावामापक खुपसला आणि वेळापत्रक भिंतीला लावले.

मथुरामावशी कमरेवर हात ठेवून हे सारे पाहत उभ्या होत्या. उंच, काटक बाई. नऊवारीचा काष्टा गुडघ्यापर्यंत खोचलेला. सर्वांग उन्हाने रापलेले, टाचांना भेगा. फक्त दोन्ही नडग्या तेवढ्या नितळ, चकचकीत. पाय पसरून बसायचे, त्या नडग्यांवर लेकरू आडवे घ्यायचे आणि तेल चोळायचे, हे चाळीसएक वर्षे केल्यावर उरलेले तेल कोठे जाणार?

"मॅडम, ह्ये काय लावून राहिल्या?"

"ह्यूकेरा. बाहेरदेशचं झाड आहे, मावशी."

त्यांनी वाकून एक पान उलटे केले. "इलायती लेकरू म्हना की. आन् काय त्येचा रंग, भाजल्या वांग्यावानी!"

मला राग आला. पुढे समजले की तो अपमान नव्हता. मथुरामावशींनी चांगल्या लेकराला कधी चांगले म्हटले नाही. बाळसेदार, गोरेपान मूल नडग्यांवर घेत आणि म्हणत, "काय ह्ये डोस्कं! भोपळा बरा." आजी खूश, आई खूश. नजर लागू नये म्हणून तोंडाने वाईट बोलायचे ही रीत; पण इतर बायका ती एखाद्या शब्दात उरकत, तर मावशी तिच्यात जीव ओतत. सुनीता ही त्यांची सून. तिच्यावर त्यांची माया होती, म्हणून ती "तव्याचं बूड". मुलगा मेंढरे घेऊन माळावर जाई, तो "आळशाचं पोतं". मी मात्र "मॅडम". माझ्याविषयी त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "मॅडम लई हुशार. मॅडमचं अक्षर लई सुंदर." मी निरीक्षण करणारी बाई आहे. या कौतुकाचा अर्थ मला दुसऱ्याच आठवड्यात लागला होता: मला नजरेपासून वाचवावे असे त्यांना वाटत नव्हते.

फेब्रुवारीत बारा क्रमांकाचे रोप गळ्याशी मऊ पडले. कंद कुजल्याची खूण स्पष्ट होती. नियमाप्रमाणे मी ते उपटून उकिरड्यावर टाकले आणि वहीत फुली मारली. संध्याकाळी परत आले, तेव्हा मावशी ते मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"ह्ये काहून फेकलं?"

"मेलंय ते, मावशी."

"मेलं? मंग ह्ये काय हाय?" त्यांनी नखाने काळा भाग खरवडला. आत मुगाच्या डाळीएवढा एक फिकट कोंब होता. "तुमच्या वहीत मेलं आसंल. हितं न्हाई मेलं."

दारातून सुनीता म्हणाली, "आत्याबाई, गावातली लेकरं कमी पडून राहिली व्हय तुमाला?"

"तू गप, तव्याचं बूड."

त्यांनी कुजलेले सारे कापून काढले, जखमेला चुलीतली राख लावली आणि एका तडकलेल्या माठात रोप लावले. तळाला मुरूम, वर ओढ्याची वाळू, जुने भुरभुरीत लेंडीखत आणि थोडीच काळी माती. माठ ठेवला रांजणाला टेकून, जेथे झिरप्याने जमीन सदा गार असे. ऊन वाढले तेव्हा घरातल्या जुन्या घोंगडीचा एक तुकडा भिजवून त्यांनी माठाभोवती गुंडाळला. लोकर पाणी धरून ठेवते, वारा लागला की माठ गार पडतो. यामागचे भौतिकशास्त्र मी अकरावीच्या मुलांना शिकवू शकले असते. ते मला सुचले नव्हते, एवढेच.

मार्चमध्ये माझी रोपे मरू लागली. एक, तीन, सहा. मी सायंकाळी सहा वाजता, ओलावामापकाच्या आकड्याप्रमाणे पाणी देत असे. मावशी भल्या पहाटे देत, ओंजळीने, माठाच्या कडेकडेने, झाडाच्या डोक्यावर एक थेंब पडू न देता.

"मॅडम, रागावू नका. तुमी लेकराला निजायच्या टायमाला न्हाऊ घालून राहिल्या. रातभर वलं ऱ्हातंय त्ये. उबलं की कुजतंय."

"मावशी, हे शास्त्रीय वेळापत्रक आहे."

"आसंल, माय. पर त्या झाडाला वाचता येतंय का?"

सुनीता पदर तोंडात धरून हसली. मी वेळापत्रक बदलले नाही. बदलायला हवे हे मला त्याच क्षणी पटले होते. तरीही बदलले नाही, आणि त्या आठवड्यात आणखी दोन रोपे गेली.

उरलेल्या तिघांच्या बाबतीत मी गुपचूप त्यांची नक्कल केली. या झाडाची एक खोड असते: वाढता वाढता त्याचा गळा मातीच्या वर उचलला जातो, उघडा पडतो आणि वाळतो. मावशींच्या माठात तसे होऊ लागले, तेव्हा त्या चाळलेली माती चिमटीने गळ्याभोवती घालताना मी पाहिले. त्याला त्या टाळू भरणे म्हणत. तान्ह्या बाळाच्या टाळूवर रोज तेल घालून ती भरतात, तसे. मी खोलीत जाऊन नोंद केली, दुसऱ्या दिवशी लवकर उठले आणि माझ्या तिन्ही रोपांच्या माथ्यावर दोन-दोन बोटे माती चढवून घट्ट दाबली. आठवड्याभरात तिन्ही कुजली.

मावशींनी एका कुंडीत बोट घालून पाहिले. आवाजात उपहास असता तर मला सोपे गेले असते.

"टाळू भरायची म्हंजी बुजवायची न्हाई, मॅडम. तेल घालून आपन त्येचं तोंड बंद करतो व्हय? भवती भरायचं. टाळू लपलप करती, तिला उघडंच ठेवायचं."

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं कुठं?"

एप्रिलच्या मध्यावर मार्गदर्शक सर पाहणीला आले, तेव्हा माझ्या बाराही कुंड्या रिकाम्या होत्या. त्या मी आधीच खोलीत नेऊन ठेवल्या होत्या, कारण रिकाम्या कुंड्यांची रांग पाहणाऱ्याला भाषणाची गरज भासत नाही. सरांना मी रांजणाजवळ नेले. घोंगडीतल्या माठात बारा क्रमांकाचे रोप सतरा पाने घेऊन बसले होते. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"कमाल आहे. या उन्हात? पाण्याचं प्रमाण काय ठेवलंय?"

मी उत्तर जुळवत होते. सरांनी न्हाणीच्या दगडावर बसलेल्या मावशींकडे पाहिले. "आजी, पाणी तुम्ही घालता का?"

त्या क्षणी खरे बोलायचे की नाही, हे त्यांच्या हाती होते. मावशी पदर सावरून उठल्या. "मला काय कळतंय, साहेब. मॅडमचंच झाड हाय. मॅडम सांगत्यात, आमी घालतो. लई हुशार हायती मॅडम."

सर समाधानाने मान हलवत म्हणाले की हे एक जूनअखेर टिकले तरी प्रस्ताव भक्कम होईल. जाताना त्यांनी माझे अभिनंदन केले. त्यांची गाडी वळणापलीकडे गेल्यावर मी मावशींना विचारले, "असं का सांगितलंत?"

"मंग? तुमीच आनलं ना त्येला? मी का पोटात वाढवलं? लेकरू ज्येचं त्येचं. आपन न्हाऊ घालायचं आन् घरी जायचं."

एखाद्याने आपले श्रेय हिसकावून घेतले तर भांडता येते. ते कोणी सहज, हात झटकून आपल्या पदरात टाकले, तर काय करायचे याचे शिक्षण मला कोणत्याही वर्गात मिळाले नव्हते. त्या दिवसापासून मला माठाकडे पाहवेना, आणि पाहिल्याशिवाय राहवेना. जीपमध्ये बसल्यावर मी विचार करी: या बाईला पानातल्या रंगद्रव्याचे नाव माहीत नाही, मुळांना श्वास लागतो हे माहीत नाही, मग त्या हाताला काय माहीत आहे? आणि ते माझ्या हाताला का माहीत नाही? एकदा न राहवून मी म्हटले, "किती सुंदर झालंय हो हे!" मावशींनी चटकन माझ्या तोंडापुढे हात धरला. मग तव्याच्या बुडाची काजळी अंगठ्याने घेऊन माठाला तीट लावली. मी तेवढ्या भागाचे तापमान किती वाढेल याचा विचार करीत उभी राहिले.

मे महिन्यात जवळा बाजार या गावी मावशींची भाची बाळंत झाली. बारा दिवस त्यांना तेथे राहणे भाग होते. जाण्याआधी त्या माझ्या दारात आल्या. माठ सुनीतावर सोपवता आला असता, पण तिच्याकडे घरचे आणि मेंढरांचे काम. शिवाय लेकरू मॅडमचे.

"पहाटे दोन वंजळी. कडंकडंनं. दुपारी बारा वाजता घोंगडी भिजवायची, पुन्यांदा तीन वाजता. बास. आन् त्येच्यापुढं त्येची तारीफ करू नका."

तेव्हा मला महाविद्यालयाला सुट्टी होती. सबबीला जागा नव्हती.

पहिले दोन दिवस मी सर्व काही सांगितल्याप्रमाणे केले. मातीत तापमापक खुपसून आकडेही घेतले: बाहेर बेचाळीस, घोंगडीच्या आत एकोणतीस. मी वहीत ते दोन आकडे एकाखाली एक लिहिले आणि वजाबाकी केली. तेरा अंशांचा फरक. जाळी, मापक, वेळापत्रक यांतल्या कशानेही मला हा फरक मिळवून दिला नव्हता. तो एका फाटक्या घोंगडीने आणि ती केव्हा भिजवायची हे ठाऊक असलेल्या बाईने मिळवला होता.

तिसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास मी माठाजवळ गेले, घोंगडी सोडली, घडी करून रांजणाच्या झाकणावर ठेवली आणि खोलीत आले. वहीत लिहिले: "आवरणाविना निरीक्षण." शास्त्रात याला तुलनेचा प्रयोग म्हणतात. तो करण्यासाठी किमान दोन झाडे लागतात, आणि माझ्याजवळ एकच होते, हे मला माहीत होते. हे झाड मेले तर माझा प्रस्तावही जाईल, हेही माहीत होते. तरी मी चार दुपारी घोंगडी बांधली नाही. पाणी दिले, आकडे घेतले, दार लोटून घेतले. ते झाड मावशींच्या हातचे म्हणून जगण्यापेक्षा कोणाच्याच हातचे म्हणून मेलेले मला त्या चार दिवसांत चालले असते. हे वाक्य मी आज लिहू शकते. तेव्हा मी "निरीक्षण" हा शब्द लिहिला.

चौथ्या दुपारी मी बाहेर आले, तेव्हा पश्चिमेकडची पाने कडेने तांबूस, कुरकुरीत झाली होती. मी एका पानाला बोट लावले आणि ते पापडासारखे मोडले. मी धावत जाऊन घोंगडी रांजणात बुचकळली, माठाला गुंडाळली, त्याच्या बाजूला मातीत बसले आणि अंधार पडेपर्यंत पुठ्ठ्याने वारा घालत राहिले. सुनीताने मेंढरे आत घेताना पाहिले.

मावशी तेराव्या दिवशी आल्या. पिशवी खांद्यावरच होती. तोवर मी करपलेली पाने खुडून टाकली होती, घोंगडी नीट भिजवली होती. त्यांनी रोपाकडे पाहिलेही नाही. आधी घोंगडी बाजूला करून माठाच्या अंगावर तळवा फिरवला. सतत ओल्या राहिलेल्या माठावर हिरवे शेवाळ धरले होते. आता ते पांढुरके पडले होते. अंगठ्याने घासल्यावर त्याचा भुगा झाला. आठ दिवसांचे पाणी ते पुन्हा हिरवे करू शकले नव्हते. त्यांनी तो भुगा दोन बोटांत चोळला आणि वास घेतला.

मी म्हणाले, "मावशी, ऊन फार होतं."

"व्हय, माय," त्या म्हणाल्या. "लेकराला नजर लागली."

त्यांनी सुनीताला मीठ, मोहरी आणि सात वाळल्या मिरच्या आणायला सांगितल्या. मूठ माठावरून सात वेळा उतरवली आणि चुलीत टाकली. मिरच्यांचा ठसका लागला तर नजर नव्हती, नाही लागला तर होती, अशी समजूत. मी, वनस्पतिशास्त्राची पदवीधर, चुलीसमोर उभी राहून मनापासून वाट पाहत होते की मला ठसका लागावा. मी खोल श्वास घेतला. काही झाले नाही. वारा पश्चिमेचा होता, धूर उलट दिशेला गेला. हे कारण पुरेसे आहे, आणि मी ते त्याच वेळी मनात नोंदवले. तरी माझे डोळे कोरडेच राहिले याची मला लाज वाटली.

"आत्याबाई, लईच लागली व्हती," सुनीता म्हणाली, आणि तिने माझ्याकडे पाहायचे टाळले.

"मॅडम, हिकडं बसा. तुमची बी काढते."

"माझी कशाला?"

"बसा वो."

त्यांनी माझ्यावरून मूठ उतरवली. या वेळी मिरच्या चुलीत पडल्या मात्र, मला असा ठसका लागला की श्वास कोंडला. डोळ्यांतून धारा लागल्या. सुनीता खदखदून हसू लागली. "मॅडमवर कुनाचीच नजर न्हाई!"

हसण्यासारखेच होते. परंतु त्या धुरात बसून मला असेही वाटले की पहिली आलेल्या, प्रस्ताव लिहिणाऱ्या माझा हेवा साऱ्या गावात एकालाही वाटत नाही, ही गोष्ट काही आनंदाची नाही.

मावशींनी पदराने माझे डोळे पुसले. तेव्हा मी विचारून टाकले, "मावशी, त्याला कोणाची नजर लागली असेल?"

त्या माठाला घोंगडी बांधत होत्या. गाठ मारून झाल्यावर म्हणाल्या, "नजर काय वैऱ्याचीच लागती व्हय? आईची बी लागती. आईची तर लौकर लागती. म्हून का आईला कुनी घराबाहेर काढतंय?"

एवढेच. त्यानंतर तो विषय अंगणात कधी निघाला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी माझ्या दाराची कडी वाजवली आणि ओंजळ कशी धरायची ते दाखवले. बोटांच्या फटी किती ठेवायच्या, पाणी कोठून सोडायचे, माती तळहाताला गार लागली की थांबायचे. मी विचारले नव्हते. मीही न बोलता शिकले. वही मी खोलीतच ठेवून आले होते.

रोप जगले. जून संपला, मी प्रस्ताव लिहिला. पद्धतीच्या प्रकरणात पहिल्यांदा "पारंपरिक स्थानिक तंत्र" असे लिहिले, मग खोडले आणि मावशींना त्यांचे पूर्ण नाव विचारले.

"कशाला वो? लेकराच्या दाखल्यावर आईबापाचं नाव ऱ्हातंय. न्हाऊ घालनारीचं कुनी लिहितंय का?"

मला क्षणभर सुटल्यासारखे वाटले. त्या सुटकेची मला इतकी शरम वाटली की मी सुनीताकडून नाव घेतले आणि ते प्रस्तावात लिहिले. सरांनी ते ठेवले. शिष्यवृत्ती मिळाली.

माघात रोपाला दांडा आला. एका सकाळी त्यावर अकरा घंटा उघडल्या, इतक्या लहान की वाकल्याशिवाय दिसेनात. मावशी गुडघ्यांवर हात टेकून बराच वेळ पाहत राहिल्या. मी वाट पाहत होते. अखेर त्या म्हणाल्या, "येवढंच? आमच्या अंबाडीला बी येच्यापरीस बरं फूल येतंय." आणि वळून पदराने डोळे टिपले.

मी जायच्या आदल्या दिवशी त्यांनी माठ उपडा केला, कंद मधोमध हाताने फोडला आणि दोन भाग केले. एक भाग भरलेला, टवटवीत. दुसऱ्याच्या गळ्याला मे महिन्याचा करपलेला डाग होता. चांगला भाग त्यांनी ओल्या घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून मला दिला.

"हा तुम्ही ठेवा, मावशी. मला दुसरा द्या."

"न्हाई. येला एकदा लागून गेली. आता येला काई व्हत न्हाई. तुमच्यावाल्याला जपा."

माझा भाग आता प्रयोगशाळेच्या थंड खोलीत आहे. तेथे तापमान अठरा अंशांवर स्थिर असते. तो उत्तम वाढतो, आणि त्याच्या वाढीत मला फारसे कौतुक वाटत नाही. बेचाळीस अंशांत, रांजणाला टेकून, डागाळलेला दुसरा भाग जगतो आहे, असे सुनीता फोनवर सांगते. जुना हेवा गेला असे मी म्हणणार नाही.

निघायच्या सकाळी जीप दारात उभी होती. अंगणात शेजारच्या वस्तीवरची आजी नवे लेकरू घेऊन आली होती. मावशी न्हाणीच्या दगडावर पाय पसरून बसल्या होत्या, नडग्यांवर लेकरू पालथे, अंगभर तेल. त्यांनी घंगाळात कोपर बुडवले, थांबल्या, थोडे गार पाणी घातले, पुन्हा कोपर. मग लेकरू उताणे केले आणि डाव्या हाताची वळचण त्याच्या कपाळावर धरून उजव्या हाताने पाणी सोडले. डोळ्यांत एक थेंब गेला नाही. ते रडलेही नाही.

"मावशी, येते," मी म्हणाले.

त्यांचे दोन्ही हात गुंतलेले होते. त्यांनी मान तेवढी वळवली आणि मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिले: नवा ड्रेस, पाठीवरची बॅग, छातीशी धरलेले घोंगडीचे गाठोडे. जीपवाल्याने हॉर्न दिला. मी "मॅडम, सुखी ऱ्हावा" असे काही ऐकायच्या तयारीत होते.

"काय ही पोरगी!" मावशी आजीला म्हणाल्या, मला ऐकू जाईल अशा बेताने. "वाळल्या शेंगेवानी! ना रूप, ना रंग. जा, जा. जीप जाईल."

आणि त्या पुन्हा लेकराच्या टाळूवर तेल घालू लागल्या.